टेकडीजवळचे जुने घर की एकोणिसाव्या मजल्यावरची 'चार एकर हिरवळ'?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सहकारनगर भागात, तळजाई टेकडीच्या पायथ्यापासून चालत सात-आठ मिनिटांवर, चाळीस वर्षे जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तुमचे दोन बेडरूमचे घर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. वाघोलीच्या बाजूला एका मोठ्या गृहप्रकल्पात एकोणिसाव्या मजल्यावरची तीन बेडरूमची सदनिका तुमच्या आवाक्यात येते आहे आणि त्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकात 'चार एकर हिरवळ' असे ठळक अक्षरांत छापले आहे. घरात आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरीतल्या सासूबाई आहेत. सासूबाई रोज पहाटे टेकडीवर जातात आणि घर बदलण्याचा विषय निघाला की गप्प बसतात. हिरवाईला एवढे महत्त्व देणे हा निव्वळ हळवेपणा आहे का, आणि नसेल तर नव्या जागेत नेमके काय पाहायचे, असे तुम्ही विचारले आहे.

गेली सत्तावीस वर्षे मी लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून काम करतो. महापालिकांच्या बागा आखल्या आहेत, तशाच बिल्डरांसाठी पार्किंगच्या छतावरच्या, म्हणजे पोडियमवरच्या बागाही आखल्या आहेत. माहितीपत्रकातली हिरवळ कागदावर कशी वाढते हे मला आतून ठाऊक आहे, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यात माझ्याच धंद्याची थोडी उणीदुणी निघतील.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. हा हळवेपणा नाही. मात्र हिरवाई एकरांत मोजली की फसगत होते. घर निवडताना मी एकच गोष्ट मोजायला सांगतो: दारातून बाहेर पडलेला माणूस मुद्दाम ठरवल्याशिवाय आणि गाडी न काढता, दूध आणताना, मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडताना किंवा संध्याकाळी पाय मोकळे करताना दिवसातून किती वेळा आणि किती मिनिटे झाडाखालून जातो. ज्या बागेत जाण्यासाठी आधी बेत आखावा लागतो ती बाग कितीही मोठी असली तरी महिन्यातून दोनदाच वाट्याला येते. तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत हे माप आज काठोकाठ भरलेले आहे आणि त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मला तरी त्यातच दिसतो.

या विषयावर बोलणारा प्रत्येक जण अमेरिकन संशोधक रॉजर उलरिक यांच्या १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासापासून सुरुवात करतो, आणि त्याला कारणही आहे. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि वय, लिंग वगैरे बाबतींत एकमेकांशी जुळणाऱ्या २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अवघ्या ४६ माणसांचा हा अभ्यास असल्यामुळे त्याच्यावर फार भार टाकू नये. तरी त्याने एक गोष्ट पुढे आणली, ती अशी की झाडाखाली न जाता ते नुसते नजरेला पडत राहिले तरी शरीर त्याची दखल घेत असावे. ही खिडकीची गोष्ट तुमच्या प्रकरणात पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

२०१९ मध्ये इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून किमान १२० मिनिटे निसर्गाच्या सान्निध्यात घालवणाऱ्यांमध्ये आपली प्रकृती चांगली आहे आणि आपण समाधानी आहोत असे सांगणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त आढळले. ही दोन तासांची बेरीज एका दमात झाली की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. घराच्या स्वतःच्या बागेत घालवलेला वेळ या हिशेबात धरलेला नव्हता. तुमच्या सासूबाई रोज पाऊण तास टेकडीवर असतील, तर तीन दिवसांतच त्यांचा आठवड्याचा कोटा पूर्ण होतो. तुम्ही स्वतः नोकरीमुळे रविवारीच जात असाल, तर कदाचित होत नसेल. घर एकच असले तरी घरातल्या प्रत्येकाचा हिशेब वेगळा निघतो, एवढे लक्षात ठेवावे.

तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा अभ्यास मात्र स्थलांतराचाच आहे. एक्झिटर विद्यापीठातील संशोधकांनी ब्रिटनमधल्या एका दीर्घकालीन कुटुंब-पाहणीतून घर बदललेल्या १,०६४ जणांची माहिती काढली आणि घर बदलण्याआधीची दोन व नंतरची तीन वर्षे मिळून त्यांचे मानसिक स्वास्थ्य कसे बदलत गेले ते २०१४ मध्ये मांडले. जास्त हिरव्या भागात गेलेल्यांचे स्वास्थ्य पहिल्याच वर्षी सुधारले आणि पुढची दोन्ही वर्षे ते सुधारलेलेच राहिले. कमी हिरव्या भागात गेलेल्यांचे स्वास्थ्य घसरले ते घर बदलण्याच्या आदल्या वर्षी, आणि स्थलांतरानंतर ते मूळ पातळीवर परत आले. मला यातला दुसरा भाग अधिक बोलका वाटतो. घर बदलायचे ठरले की बदलायच्या आधीच माणूस खचायला लागतो आणि नंतर सावरतोही, म्हणजे 'कमी हिरवाईत गेलो तर कायमचे आजारी पडू' अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. नुकसान होते ते, मिळू शकला असता असा फायदा हातून जातो याचे. सासूबाईंच्या गप्प बसण्यात आदल्या वर्षाचा तो भाग कितपत आहे, हे तुम्हालाच त्यांच्याशी बोलून ताडावे लागेल.

हे सगळे अभ्यास वाचताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले असे की हिरव्या वस्तीत राहणारे लोक बहुधा आधीच बऱ्या परिस्थितीतले असतात, त्यामुळे प्रकृती झाडांमुळे चांगली की पैशांमुळे, हे वेगळे करणे अवघड जाते. तरीही 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००८ साली आलेल्या इंग्लंडच्या अभ्यासात, अधिक हिरव्या भागांत गरीब आणि श्रीमंत यांच्या मृत्युदरातली दरी कमी हिरव्या भागांपेक्षा अरुंद असल्याचे दिसले होते. म्हणजे पैसा हिशेबात धरूनही झाडांच्या बाजूला काही शिल्लक राहते. दुसरे पथ्य हवामानाचे आहे. इंग्लंडमध्ये माणूस उन्हासाठी हिरवळीवर जातो, आपल्याकडे तो उन्हापासून पळून झाडाखाली जातो. म्हणून मोकळे लॉन हे तिकडचे सुख इकडे आणून बसवले, तर ऑक्टोबर ते मे दुपारी त्यावर चिटपाखरू फिरकत नाही, आणि मी स्वतः आखलेल्या किमान तीन लॉनची ही कथा आहे.

सावलीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या शहरांत हिरवाईचा पहिला उपकार तोच आहे. मोठे झाड ऊन अडवते आणि पानांतून बाष्प सोडून आजूबाजूची हवा थोडी थंडही करते. यंत्रांच्या फंदात न पडता तुम्ही हे तपासू शकता. मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास वडाच्या किंवा रेनट्रीच्या सावलीतल्या फरसबंदीवर हाताचा तळवा टेकवा आणि मग दहा पावलांवरच्या उघड्या डांबरावर टेकवून पाहा. दुसऱ्या ठिकाणी तो तुम्हाला क्षणभरही ठेवता येणार नाही. रात्री हेच डांबर आणि काँक्रीट दिवसभर साठवलेली उष्णता सोडत राहते. हिवाळ्यात पुण्यातली वर्तमानपत्रे हवामान खात्याच्या वेगवेगळ्या केंद्रांचे किमान तापमान छापतात, त्यात पाषाण किंवा एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) परिसराचा आकडा मगरपट्ट्यापेक्षा कित्येक अंशांनी खाली असल्याचे वारंवार दिसते. हा सगळा फरक झाडांचाच आहे असे मी म्हणणार नाही, कारण खोलगट जमिनीत रात्री थंड हवा साचते आणि बांधकामाची दाटीही मोजावी लागते. पण मोकळी जमीन आणि झाडोरा उरलेल्या भागात रात्र लवकर निवते, एवढे त्यावरून म्हणता येते. रात्रीची झोप हा स्वास्थ्याचा किती मोठा भाग आहे, ते मी सांगायला नको.

आता झाडांच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या दोन गोष्टींबद्दल. झाडांची एक रांग रस्त्याचा आवाज फारसा अडवत नाही. आवाज मोजण्याइतका कमी व्हायचा तर दाट आणि रुंद पट्टा लागतो. रस्ता दिसेनासा झाला की तो कमी जाणवतो, हे मात्र खरे आहे. हवा शुद्ध होण्याचा दावाही बेताने घ्यावा, कारण अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींना भिडल्या तर वाहनांचा धूर उलट खालीच कोंडतो. शिवाय प्रत्येक हिरवे सारखे नसते. रिकाम्या प्लॉटवर पावसाळ्यानंतर माजलेले गाजरगवत लांबून हिरवेगारच दिसते, पण त्याने अंगावर पित्त उठते आणि दम्याच्या माणसाला ते छळते. हे तण भारतात प्रथम नजरेस आले तेच मुळी १९५०च्या दशकात पुण्यात, त्यामुळे आपला त्याच्याशी जुना घरोबा आहे. सप्तपर्णीच्या फुलांच्या उग्र वासाने दिवाळीच्या सुमारास खिडक्या लावून घेणारी कुटुंबेही माझ्या पाहण्यात आहेत. तुमच्या तळजाईवरही वनखात्याने लावलेली गिरीपुष्पाची एकसुरी दाटी आहे, आणि वनस्पतिशास्त्राच्या माणसाला ती फारशी आवडणार नाही. पायी फिरणाऱ्याला मात्र सावली मिळते, मोर दिसतो, आणि त्याचे काम भागते.

माहितीपत्रकातल्या 'चार एकरां'कडे वळतो. प्रकल्पाच्या नकाशात हिरव्या रंगाने जे जे रंगवलेले असते ते सगळे त्या बेरजेत येते. त्यात क्लब हाऊसचे छत असते, तरणतलावाभोवतीचा कृत्रिम गवताचा गालिचा असतो आणि अग्निशमन दलाच्या गाडीसाठी राखलेला रस्ताही असतो. उंच इमारतीभोवती ती गाडी फिरण्याइतकी, म्हणजे किमान सहा मीटर रुंदीची भक्कम वाट मोकळी ठेवावीच लागते. तिच्यावर जाळीदार ठोकळे बसवून मधल्या भोकांत गवत लावले, की नकाशावर ती हिरवी होते. त्या वाटेवर झाड कधीच लागणार नाही, आणि लागूही नये. तुम्ही विक्री कार्यालयात जाल तेव्हा एकच प्रश्न विचारा: या चार एकरांपैकी किती जागेखाली तळघर किंवा पार्किंग नाही, म्हणजे किती ठिकाणी खरीखुरी जमीन आहे? उत्तर देणारा माणूस आत जाऊन दुसऱ्याला घेऊन आला, तर तुम्ही योग्य प्रश्न विचारला आहे असे समजा.

या प्रश्नाची किंमत मला माझ्या एका चुकीने शिकवली. पंधराएक वर्षांपूर्वी एका गृहप्रकल्पाच्या पोडियमवर मी कदंबाची चाळीस झाडे लावली होती. स्लॅबवर मातीचा थर जेमतेम तीन फुटांचा होता, आणि मला जास्त हवा होता, पण स्लॅबवर वजन वाढेल म्हणून तो मिळाला नाही आणि मी हट्ट धरला नाही. पहिली तीन वर्षे झाडे अशी तरारली की बिल्डरने त्यांचे फोटो पुढच्या प्रकल्पाच्या जाहिरातीत वापरले. चौथ्या वर्षी शेंड्याकडची पाने पिवळी पडू लागली, आणि पाचव्या पावसाळ्यात वाऱ्याच्या एका झोताने सहा झाडे मुळांसकट आडवी झाली. उपटलेली मुळे मी पाहिली. खाली जायला वाव नसल्यामुळे ती स्लॅबवर ताटासारखी सपाट पसरलेली होती. आता तिथे बाटलीपाम आहेत, ज्यांची सावली साधारण विजेच्या खांबाएवढी पडते. पोडियमवर झुडपे, वेली, लहान चणीची झाडे उत्तम येतात आणि तशी बाग सुंदरही दिसते, पण तुमच्या मुलीच्या मुलांना सावली देणारे झाड तिथे येत नाही. त्यातून उन्हाळ्यात पाणी टँकरचे असेल, तर पाणीकपात आली की सोसायटीच्या सभेत पहिली कुऱ्हाड लॉनवरच पडते.

मुंबईच्या बांधकाम नियमावलीसंदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असा निर्णय दिला होता की नियमानुसार सोडायची करमणुकीची मोकळी जागा जमिनीवरच हवी, ती पोडियमवर दाखवून भागणार नाही. डिसेंबर २०२०मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकीकृत बांधकाम नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के करमणुकीची मोकळी जागा सोडावी लागते. तुमच्या प्रकल्पात ती कुठे आणि कशी दाखवली आहे, हे महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर टाकलेल्या मंजूर नकाशात दिसते. माहितीपत्रक बाजूला ठेवून तो नकाशा पाहावा. मंजूर आराखड्यात पुढे बदल करायचा झाला तर रेरा कायद्यानुसार दोन तृतीयांश ग्राहकांची संमती लागते, हेही माहीत असू द्या. 'फेज दोन'च्या नावाखाली बागेच्या जागी इमारत उगवू लागली, तर हाच कागद कामाला येतो.

प्रकल्पाच्या बाहेरचे हिरवे रंगही तितक्याच संशयाने पाहावेत. विकास आराखड्यात शेजारच्या जमिनीवर बागेचे आरक्षण आहे एवढ्यावर 'गार्डन फेसिंग'चे जादा पैसे मोजणारी माणसे मला भेटतात. आरक्षण म्हणजे बाग नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार, आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत, जी आता चोवीस महिन्यांची आहे, प्रशासन हलले नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. वाघोली हे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एक आहे, आणि अशा नव्याने आलेल्या भागांत कागदावरची बाग आणि जमिनीवरची बाग यांतले अंतर बरेच असते. तुमच्या भोवतालच्या सर्व्हे नंबरांचे झोन दाखले, म्हणजे जमीन कोणत्या वापरासाठी ठरवली आहे हे सांगणारे दाखले, काढून घ्यावेत. समोर दिसणारी मोकळी जमीन निवासी झोनमध्ये असेल, तर आजचा नजारा तिच्या मालकाच्या मर्जीवर उभा आहे. याउलट डोंगरमाथा-डोंगरउतार म्हणून नोंदलेली किंवा वनखात्याच्या ताब्यातली जमीन बरीच खात्रीची असते. बरीच म्हणतो, पूर्ण म्हणत नाही, कारण वेताळ टेकडीतून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढण्याच्या योजनेविरुद्ध पुणेकरांना २०२३ मध्ये रस्त्यावर उतरावे लागले होते. ओढ्याकाठची हिरवाई असेल तर निळी आणि लाल पूररेषा (साधारण पंचवीस आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) कुठून जाते तेही पाहावे. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केले, हे तुमच्या भागात कुणाला सांगावे लागणार नाही.

कागद पाहून झाले की हातात घड्याळ घेऊन चालायला लागावे. सेसिल कोनिनेन्डाइक या डच वननियोजनकारांनी २०२१ मध्ये सुचवलेला ३-३०-३०० हा नियम मी हल्ली घर शोधणाऱ्यांना सांगतो. घरातून किमान तीन मोठी झाडे दिसावीत, वस्तीच्या तीस टक्के भागावर झाडांचे छत्र असावे आणि जवळची बाग ३०० मीटरांच्या आत असावी. आपल्याकडच्या फार थोड्या वस्त्या या कसोटीला उतरतील, पण दोन घरांची तुलना करायला ती सोयीची आहे. तुमचे आजचे घर पहिल्या अटीत बहुधा बसते आणि तिसरीच्या जवळपास येते. एकोणिसाव्या मजल्यावरून मात्र झाड दिसत नाही, झाडांचा हिरवट डाग दिसतो. झाडाचा शेंडा, त्यावरची खारीची धावपळ, पावसानंतर चकाकणारी पाने हे सगळे माझ्या अनुभवात चौथ्या-पाचव्या मजल्यापर्यंतच घरात येते, आणि त्याच्या वर येते ते आकाश. आकाशही कमी मोलाचे नाही, पण विकणारा ते हिरवळीच्या नावाने विकत असतो.

मुलीसाठी वेगळे निकष लावावेत. डेन्मार्कमध्ये १९८५ ते २००३ या काळात जन्मलेल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये असे दिसले की, लहानपणी घराभोवती सर्वांत कमी हिरवाई असलेल्या मुलांना पुढे मानसिक विकार होण्याचा धोका सर्वांत हिरव्या परिसरातल्या मुलांपेक्षा ५५ टक्क्यांपर्यंत जास्त होता. हा आकडा डोक्यात ठेवून घाबरून जाऊ नये, कारण त्यामागे आणखी पुष्कळ कारणे असू शकतात. पण आठ वर्षांच्या मुलीला काय लागते, ते पाहायला तो पुरेसा आहे. तिला उकरता येईल अशी माती लागते, वर चढता येईल अशी खालची फांदी लागते आणि मोठ्यांच्या नजरेच्या जरा आडोशाला जाता येईल अशी जागा लागते. गृहप्रकल्पांतल्या खेळाच्या जागेत बहुधा रंगीत रबरी फरशी, एक प्लास्टिकची घसरगुंडी आणि 'झाडांवर चढू नये' अशी पाटी असते. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता त्या रबरी फरशीवर अनवाणी उभे राहून पाहा, म्हणजे तिथली मुले साडेसहाआधी खाली का उतरत नाहीत ते कळेल. तरी गृहप्रकल्पाच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. फाटकाच्या आत गाड्यांची भीती कमी असल्यामुळे मुलगी एकटी खाली जाऊ शकते, तर तळजाईवर तिला एकटी तुम्ही सोडत नसणार. रोज एकटीने खेळलेला तास आणि रविवारी आईबाबांबरोबर चढलेली टेकडी, यांत पहिल्याचे पारडे हलके नाही.

सासूबाईंचा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण माझ्या मते तुमचा निर्णय तिथेच ठरणार आहे. टेकडीवर त्या झाडांसाठी जातात तेवढ्याच माणसांसाठीही जात असणार. हास्यक्लबची सुरुवात १९९५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका सार्वजनिक बागेत पाच माणसांनी केली होती, आणि ती बागेतच झाली यात मला काही नवल वाटत नाही. आपल्याकडच्या बागा म्हणजे झाडांच्या आश्रयाला वाढलेले कट्टे आहेत. वीस वर्षे रोज त्याच वळणावर भेटणारी बाई दोन दिवस आली नाही, तर तिसऱ्या दिवशी तिच्या घरी फोन जातो, आणि ही व्यवस्था कोणताही बिल्डर बांधून देऊ शकत नाही. सत्तरीत नवा कट्टा जमायला किती वर्षे लागतील, हा प्रश्न त्यांच्या मनात असेल आणि तो बोलून दाखवणे त्यांना अवघड वाटत असेल. वाढलेल्या खोलीचा लाभ मुख्यतः तुम्हा तिघांना होणार आहे आणि किंमत मुख्यतः त्या मोजणार आहेत, हे घरात उघडपणे बोलले गेले पाहिजे.

पण याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. तुमची इमारत तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्टशिवाय आहे. आज त्या रोज तीन मजले उतरून टेकडी चढतात. गुडघ्याने असहकार पुकारला, की सात मिनिटांवरची टेकडी आणि सत्तर किलोमीटरवरची टेकडी त्यांच्यासाठी सारखीच. त्या वेळी उरते ती खिडकी आणि लिफ्टने खाली उतरून बसता येईल असा बाक. मी ज्येष्ठ नागरिकांच्या अशा घरांत गेलो आहे, जिथे शेजारी उत्तम बाग आहे आणि आजी चार वर्षांत खाली उतरलेल्या नाहीत. त्यामुळे 'टेकडीजवळच राहा' असे सरसकट उत्तर मी तुम्हाला देणार नाही. तुमच्यापुढचे पर्याय मात्र तुम्ही मांडले आहेत तसे दोनच नाहीत.

माझा सल्ला असा आहे की सध्याची इमारत पुनर्विकासाला जाण्याची शक्यता कितपत आहे, ते आधी पक्के करावे. चाळीस वर्षांच्या इमारतीत तो विषय आज ना उद्या निघणारच. तसा निघाला तर लिफ्ट आणि थोडी वाढीव जागा त्याच पत्त्यावर मिळू शकते, फक्त आवारातली जुनी झाडे वाचवण्याची अट तुम्ही सभासदांनी पहिल्याच करारात घालून घ्यावी. १९७५च्या राज्याच्या वृक्ष अधिनियमाखाली झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जादा संरक्षण आहे, हे सभेत सांगायला उपयोगी पडेल. पुनर्विकास लांबणीवर असेल, तर सहकारनगर, पद्मावती किंवा बिबवेवाडीत दुसऱ्या-चौथ्या मजल्यावरचे लिफ्ट असलेले घर भाड्याने घेऊन सध्याचे घर भाड्याने द्यावे. भाड्यातला फरक मोजला की तो नव्या कर्जाच्या हप्त्यापेक्षा बहुधा कमी निघेल. वाघोलीच्या घरापेक्षा एक खोली कमी राहील, हे खरे आहे.

आणि नोकरी, शाळा किंवा पैशांच्या कारणाने वाघोलीलाच जायचे ठरले, तर घर विकत घेण्याआधी त्याच प्रकल्पात फेब्रुवारी ते जून असे पाच महिने भाड्याने राहून पाहावे. मोठ्या प्रकल्पांत भाड्याच्या सदनिका सहसा मिळतात. पावसाळ्यानंतरच्या दोन महिन्यांत कोणतीही जागा हिरवीगार दिसते आणि बिल्डरही दसरा-दिवाळीलाच घरे दाखवतो, म्हणून परीक्षा उन्हाळ्यातच घ्यायला हवी. घेतलीच सदनिका तर एकोणिसाव्या मजल्याऐवजी तिसरा-चौथा मजला मागावा, तो बहुधा स्वस्तही पडतो. त्याची एक खिडकी पोडियमकडे नव्हे, तर मूळ जमिनीवर लावलेल्या झाडांकडे उघडणारी असावी, आणि ती खोली सासूबाईंना द्यावी. पाहायला जाताना त्यांना बरोबर न्या आणि सकाळी साडेपाचला न्या. तिथे त्या वेळी किती बायका चालायला बाहेर पडल्या आहेत आणि फाटकाबाहेरच्या रस्त्याला पदपथ आहे का, हे तुमच्याआधी त्यांच्याच लक्षात येईल.